विषय: सुट्टीत पोखऱ्याच्या बालगृहात सेवा – युवा विभाग

प्रेषक: युवा विभाग समन्वयक

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत मेलबर्नच्या आपल्या मराठी मंडळातल्या पंधरा ते अठरा वयाच्या मुलामुलींना नेपाळला न्यायचा विचार आहे. पोखऱ्याच्या एका बालगृहात दोन आठवडे राहायचं, तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं, खेळ घ्यायचे, एक खोली रंगवून द्यायची. ज्यांना मुलांना पाठवायचं आहे त्यांनी रविवारपर्यंत नावं द्यावीत. कपडे आणि रंगपेट्या जमवायलाही हात लागतील.

कळावे.

---

प्रेषक: एक सभासद

नमस्कार,

युवा विभागाची कळकळ खरी आहे. तरीही ही सहल अशी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बरेच पालक नावं द्यायच्या बेतात असतील, म्हणून सगळ्यांनाच लिहिते. मेलबर्नला येण्याआधी मी पुण्यात बालगृहांमध्ये समाजसेविका म्हणून काम करत होते.

नेपाळमधल्या बालगृहांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. १९९६ ते २००६ च्या माओवादी युद्धात हुमलासारख्या दुर्गम डोंगराळ जिल्ह्यांत दलाल फिरले. पोराला काठमांडूत शाळेत घालतो म्हणाले, आईबापांकडून पैसे घेतले आणि मुलांच्या हाती आईबाप मेल्याचे खोटे दाखले ठेवले. युद्ध संपलं, पण ती वाट बंद झाली नाही. गरिबी सगळ्यात जास्त डोंगरातल्या खेड्यांत, आणि बालगृहं मात्र एकवटली आहेत काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, चितवन आणि कास्की या पाच जिल्ह्यांत. पोखरा या कास्कीतच येतं. परदेशी पाहुणे आणि त्यांचे पैसे याच जिल्ह्यांत उतरतात. पाहुणे येत राहिले की मुलंही आणली जातात. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ मध्ये आधुनिक गुलामगिरीवर अहवाल दिला, त्यात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचा वेगळा विचार केलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ च्या ठरावात अशा सेवा-पर्यटनाला आळा घालायला सांगितलं.

सगळीच बालगृहं अशी नसतात. पण चांगल्या बालगृहातही दोन आठवड्यांच्या पाहुण्यांनी मुलाचं नुकसान होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. फाटकातून अनोळखी माणूस आत आला की तीन-चार वर्षांचं मूल धावत येऊन गळ्यात पडतं. पाहुण्यांना भरून येतं, किती प्रेमळ पोर म्हणतात. घरात वाढलेलं मूल असं करत नाही. ते आधी आईच्या पदराआड जातं. रुमानियात बुखारेस्टच्या संस्थांमधल्या १३६ लहान मुलांचा दीर्घ अभ्यास झाला, त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: जी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत त्यांना सांभाळायला घेणाऱ्या पालक-कुटुंबात गेली, त्यांची माणसांशी नाती जुळण्याची शक्ती पुष्कळ सावरली. मुलाला रोज तेच एक माणूस लागतं. बालगृहात ते माणूस म्हणजे मावशी. रात्री ताप आला तर उशाशी बसणारी, कोण कशाला घाबरतं हे जाणणारी. आपण दर सुट्टीला नवे दादा-ताई पाठवले तर मूल दर सुट्टीला कुणाला तरी गमावतं.

आणखी एक. रविवारच्या आपल्या मराठी शाळेत शिकवायला उभं राहायचं तर आपल्या व्हिक्टोरिया राज्यात मोठ्या माणसालाही ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’, म्हणजे मुलांबरोबर काम करण्याआधीची सरकारी तपासणी लागते. पोखऱ्यात आपली मुलं कुठल्याही तपासणीशिवाय लहानग्यांच्या झोपायच्या खोलीत वावरणार, आणि ते आपल्याला चालतं? शिवाय पर्यटक व्हिसावर नेपाळमध्ये स्वयंसेवेचं काम करता येत नाही.

---

प्रेषक: एक पालक

ताई, तुमचा अनुभव मोठा आहे, वाचून अस्वस्थ झाले. पण ती मुलं आज तिथे आहेतच ना? कुणी दोन दिवस हसवलं तर त्यात वाईट काय? माझी लेक गेले कित्येक महिने याच्यासाठी पैसे साठवते आहे. तिला ‘जाऊ नकोस’ एवढंच सांगायचं का?

---

प्रेषक: एक सभासद

तुमच्या लेकीचं मन मोडावं असं मला मुळीच वाटत नाही. उलट अशी मुलगी कामाला हवीच आहे.

मुलं आज तिथे आहेत हे खरं. म्हणूनच त्यांच्या घरची वाट मोकळी करणाऱ्या कामाला पैसा जायला हवा. आपल्या महाराष्ट्राचंच बघा. वडील गेले, आई मजुरी करते, पोराला बालगृहात ठेवायची वेळ येते. अशा मुलाला घरीच ठेवता यावं म्हणून सरकारची बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपये मिळतात. पण मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मग मुलाच्या सांभाळाचा निर्णय देणाऱ्या बालकल्याण समितीचा आदेश, या सगळ्यासाठी खेपा घालायच्या म्हणजे त्या बाईची दर वेळी मजुरी बुडते. तिच्याबरोबर तालुक्याला जाणारा एक कार्यकर्ता नेमला तर कितीतरी मुलं बालगृहाची पायरीच चढणार नाहीत. दोन आठवड्यांच्या विमानभाड्यात असा माणूस बरेच महिने पोसला जातो.

तुमच्या लेकीसाठीही काम आहे. अठरा पूर्ण झाली की मुलांना बालगृह सोडावं लागतं. मागे घर नसतं, भाडेकरार करायला कुणी मोठं नसतं, मुलाखतीला जायची भीती वाटते. अशा तरुणांबरोबर दर आठवड्याला संगणकावरून तासभर इंग्रजी बोलायचं, अर्ज लिहायला मदत करायची, तेही निदान वर्षभर न चुकता आणि संस्थेच्या कार्यकर्त्याच्या देखत. मुलगी कंटाळून मध्येच सोडणार असेल तर सुरूच करू नये. हे मी कडक बोलते आहे, पण त्या मुलांनी अर्ध्यावर गेलेली माणसं खूप पाहिली आहेत.

फोटोंबद्दलही सांगते. भारतात बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. मंडळाच्या फेसबुक पानावर एकही चेहरा नको.

---

प्रेषक: युवा विभाग समन्वयक

ताई, आभार. पोखऱ्याची सहल रद्द करतो. आधीच नावं दिलेल्या पालकांशी आज फोनवर बोलतो. पैसे महाराष्ट्रातल्या संस्थेला पाठवायचे ठरले तर काय बघायचं?

---

प्रेषक: एक सभासद

संस्थेची बाल न्याय कायद्याखाली नोंदणी आहे का, गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली आणि मावश्या किती वर्षं टिकतात, हे तीन प्रश्न विचारा. मोकळेपणी उत्तरं देणारी संस्था निवडा.

पैशाची एक तांत्रिक बाब आहे. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी परदेशी धरली जाते, त्याला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या भारतीय कायद्याखालची नोंदणी लागते. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगीत येत नाहीत. दोन्ही वर्गण्या एकत्र करू नका. म्हणून वर्गणी कळवताना प्रत्येकाने पासपोर्ट कोणत्या देशाचा तेही लिहावं.