बाबांना डीप पर्पल लाइव्ह दाखवायचंय, पण आता जाण्यात अर्थ आहे का?

केदार_जर्मनी:
मंडळी, सल्ला हवाय. आईबाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत आणि इथून ट्रेनने दीड तासावर डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा शो आहे. बाबा ६६ वर्षांचे, इंग्रजी गाण्यांचं म्हणाल तर आयुष्यभर हा एकच बँड, आणि त्यातही एकच कॅसेट. मित्राकडे 'मेड इन जपान' या त्यांच्या लाइव्ह अल्बमची एलपी होती त्यावरून साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतलेली, वर बॉलपेनने देवनागरीत 'डीप पर्पल जपान' लिहिलेलं. आता ती एलपी दोन रेकॉर्डची, सव्वा तासाची, साठमध्ये मावणार कशी? पहिली बाजू 'हायवे स्टार'ने सुरू व्हायची, मग 'चाईल्ड इन टाईम', मग 'स्मोक ऑन द वॉटर', आणि पुढे 'द म्यूल'मध्ये इयन पेसचा ड्रम सोलो आता सुरू होणार तेवढ्यात खट्ट, बाजू संपली. बाबा तेव्हा गणपतीत ताशा वाजवायचे, त्यामुळे त्यांना नेमकं तेच ऐकायचं असायचं. पुरी रेकॉर्ड त्यांनी ऐकली ती मी कॉलेजात असताना सीडी आणली तेव्हा.

आता प्रश्न असा की गायक इयन गिलनचा जन्म १९४५ चा, बेसवाल्या रॉजर ग्लोव्हरचाही. गिटारवाला ब्लॅकमोर १९९३ मध्येच सोडून गेला, ऑर्गनवाले जॉन लॉर्ड २०१२ ला वारले. १९६८ पासून आजवर टिकून असलेला एकटा पेस. गिलनचा तो १९७२ चा आवाज बाबांच्या डोक्यात पंचेचाळीस वर्षं बसलाय, तो असा समोरासमोर मोडलेला ऐकवायचा का? त्यात त्यांचे गुडघे दुखतात आणि उभं राहायचीच तिकिटं जास्त शिल्लक आहेत. कोणी अलीकडे पाहिलंय का यांना?

विंग_क:
स्पष्ट सांगतो, राग मानू नका. मी नसतो गेलो. काही वर्षांपूर्वी माझ्या आवडत्या अशाच एका जुन्या बँडला बघायला गेलो होतो (नाव घेत नाही, लोकांना फार प्रिय आहेत), गायकाला वरचा सूर लागतच नव्हता, प्रत्येक ठिकाणी तो माईक लोकांकडे करायचा आणि लोक गायचे. परत आल्यावर कितीतरी दिवस ती रेकॉर्ड लावाविशी वाटली नाही. वडिलांना तेवढ्याच पैशांत चांगले स्पीकर घ्या आणि ओसाका-टोकियोचं ते रेकॉर्डिंग पूर्ण ऐकवा, १९७२ च्या ऑगस्टमधला तो बँड आता कुठल्याच तिकिटावर मिळणार नाही.

अंधेरी_९५:
विंग_क, तुमचं दुःख कळतं पण मला वेगळं सांगायचंय. एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल मुंबईत आले होते, अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सला, तेव्हा शहर कागदोपत्री बॉम्बेच होतं, म्हणून त्या शोच्या व्हिडिओचं नावसुद्धा 'बॉम्बे कॉलिंग' आहे. मी तेव्हा एस. वाय. ला होतो. आम्ही चौघं डोंबिवलीहून लोकलने गेलो आणि पूर्ण रस्ताभर एकच वाद, की ब्लॅकमोर नाही म्हणजे ही खरी डीप पर्पल नाहीच. म्हणजे बघा, तुम्ही आज जो प्रश्न विचारताय तो आम्ही तीस वर्षांपूर्वी विचारत होतो! नवा गिटारवाला स्टीव्ह मोर्स नुकताच आलेला, आम्हाला तो कोण हेही धड ठाऊक नव्हतं. आणि मग 'फायरबॉल' सुरू झालं, जॉन लॉर्ड ऑर्गनमागे उभे, आणि आमचा वाद तिथेच संपला. त्या रात्री 'चाईल्ड इन टाईम'सुद्धा झालं. मला तेव्हा काय माहीत की मी लॉर्डना पुन्हा कधी बघणार नाहीये. ब्लॅकमोरसाठी रुसून घरी बसलो असतो तर लॉर्डपण हुकले असते.

आपल्याकडे नाटक नव्या संचात येतं तेव्हा आपण काय करतो? आधीच्या नटाची आठवण काढतो, पहिला अंक तुलना करतो, आणि नाटक बांधलेलं पक्कं असेल तर दुसऱ्या अंकात तुलना विसरतो. इथं तर संचातले तिघं मूळ 'मशीन हेड' अल्बमचेच आहेत. आणि पेसला २०१६ मध्ये मेंदूचा सौम्य झटका येऊन गेलाय, उजवी बाजू बधिर झाली होती, शो रद्द करावे लागले होते, तरी माणूस परत येऊन वाजवतोय. तुमच्या बाबांना ताशाचं अंग आहे, ते जागेवरच त्याला ओळखतील. जा.

पायपेटी:
मी २०२४ मध्ये लंडनला ऐकलं, त्यामुळे आवाजाबद्दल खरं सांगते. गिलन 'चाईल्ड इन टाईम' गातच नाही, वीसेक वर्षं झाली, त्यातल्या किंकाळ्या आता हव्या तशा लागत नाहीत म्हणून त्याने ते गाणंच बाजूला ठेवलंय. मला हे फार आवडतं. खालच्या सुरात ढकलून, लोकांकडून गाऊन घेऊन उरकता आलं असतं की, पण नाही केलं. बाबांना हे जायच्या आधी नक्की सांगा, नाहीतर ते रात्रभर त्याचीच वाट बघत बसतील. बाकीची गाणी तो आताच्या आवाजात गातो, वरच्या जागा टाळतो, पण शब्द आणि लय कुठे सुटत नाही. सवाईला उतारवयातले पंडितजी ऐकलेत ना आपण? तिथे कोणी तरुणपणीची तान मोजायला बसायचं नाही, दोन सुरांच्या मधे काय चाललंय ते ऐकायचं. तसं ऐकलं तर 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' आता जास्त लागतं, हे माझं मत.

आणि आताच्या ऑर्गनवाल्या डॉन एअरीकडे लक्ष द्या प्लीज, सगळे गिटार बघत बसतात. मी लहानपणी पायपेटी शिकले म्हणून असेल, पण हॅमंड ऑर्गनने मला कायमचं पकडलंय. त्याला जोडतात त्या लेस्ली स्पीकरमध्ये आत भोंगा गरगर फिरतो, त्याचा वेग बदलला की सूर थरथरायला लागतो, आपण भात्याने जो जीव आणतो ते काम तिथं तो भोंगा करतो. लॉर्डनी पुढची मजल मारली, ऑर्गन गिटारच्या मार्शल अँपमधून काढला, म्हणून तो असा खरखरीत, दात असलेला आवाज. लोकांना 'स्मोक ऑन द वॉटर'मध्ये सगळी गिटारच वाटते, पण गिटारच्या खालून ऑर्गन तीच ओळ घासत जात असतो. लॉर्ड २००२ ला बाहेर पडले तेव्हापासून एअरी आहे आणि त्याने तो आवाज सांभाळलाय. सोलोमध्ये तो जिथं शो असेल तिथलं ओळखीचं काहीतरी पेरतो, लोक एकदम खूश होतात.

आताच्या गिटारवाल्या सायमन मॅकब्राइडबद्दल काळजी नको. स्टीव्ह मोर्स २०२२ मध्ये बायकोच्या आजारपणासाठी घरी थांबला, तेव्हापासून हा बेलफास्टचा मुलगा आहे, बाकीच्यांपेक्षा तीसेक वर्षांनी लहान, आणि त्याच्यामुळे म्हातारे जोरात वाजवतात असं मला तिथं बसून वाटलं.

नाशिककर_आजोबा:
तिकीट बसायचंच घ्या, थोडं लांबचं असलं तरी. दीड-दोन तास उभं राहून गुडघ्यांकडेच लक्ष जातं. कानात घालायचे फोमचे प्लग न्या, कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत. परतीची शेवटची ट्रेन किती वाजता ते आत्ताच बघा म्हणजे शेवटची गाणी सोडून पळावं लागणार नाही.

विंग_क:
पायपेटी, ते गाणं बाजूला ठेवल्याचं मला माहीत नव्हतं. मग हे लोक माझ्या त्या बँडसारखे नाहीत. केदार, जाऊन या, आणि कसं झालं ते लिहा, मी वाट बघतोय.

केदार_जर्मनी:
जाऊन आलो! तिघं गेलो, आई पण. बसायची जागा मिळाली, स्टेजच्या डाव्या अंगाला वर, आणि ते फारच बरं झालं कारण तिथून पेसचे हात दिसत होते. बाबांना मी ट्रेनमध्येच सांगितलं होतं की 'चाईल्ड इन टाईम' होणार नाही, ते दोन स्टेशनं गप्प होते, मग म्हणाले, बरं केलं त्याने.

'हायवे स्टार'ने सुरुवात झाली आणि मिनिटाभरात बाबांनी माझा दंड धरला, म्हणाले अरे हा डावखुरा आहे! पंचेचाळीस वर्षं ऐकतोय हा माणूस आणि त्यांना हे माहीतच नव्हतं, कॅसेटवर कसं दिसणार? ड्रम सगळे उलटे मांडलेले. त्यानंतर त्यांनी गिलनकडे फारसं बघितलंच नाही. आवाज थकलाय, खोटं कशाला बोलू, दोनतीन ठिकाणी मलाच कसंतरी झालं. पण बाबांची मान पूर्ण वेळ एकाच दिशेला आणि दोन्ही हातांची बोटं समोरच्या कठड्यावर चाललेली. पेस फार जोर लावत नाही, मनगट सैल, आणि स्नेअर ड्रमवर बारीक बारीक भरत जातो. बाबा म्हणाले, ही ताशाची तर्रीच आहे रे, फक्त काड्या जाड आहेत. एअरीने सोलोत मधेच इथल्या लोकांच्या ओळखीची कुठलीतरी धून घातली, पूर्ण हॉल गायला लागला, आई पण टाळ्या वाजवत होती. शेवटी 'स्मोक ऑन द वॉटर'ला बाबा उठून उभे राहिले, गुडघ्यांचं नावही नाही.

परतताना ट्रेनमध्ये त्यांनी विचारलं, पेसचा जन्म कधीचा. १९४८ म्हटल्यावर बोटांवर मोजलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. सकाळी चहा घेताना आईला विचारत होते, माळ्यावरचा ताशा अजून आहे का. आहे म्हणाली, पण पान फाटलंय. ऑगस्टमध्ये ते परत जातील, तर पुण्यात ताशाचं पान चांगलं बसवून देणारा कोणी माहीत असेल तर सांगा, पेठांमध्ये असेल तर उत्तम.