मिश्र वापराच्या नव्या क्षेत्रात सार्वजनिक सुविधा: सर्व आताच की टप्प्याटप्प्याने?

नगररचना_विद्यार्थी:
नमस्कार. बंद पडलेल्या औद्योगिक जमिनीवर घरे, कार्यालये आणि दुकाने एकत्र असलेले क्षेत्र वसवायचे, असे गृहीत धरून मी अभ्यासासाठी एक आराखडा तयार करत आहे. हे क्षेत्र पूर्ण भरायला वीस वर्षे लागतील, आणि त्यात घरे किती व कार्यालये किती, हे आज कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. पाणी, मलवाहिन्या, वीज आणि वाहतूक यांची अंतिम क्षमता आताच उभारली तर पैसा अडकून पडतो. टप्प्याटप्प्याने उभारली तर तेच रस्ते पुन्हा पुन्हा खोदावे लागतात. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

मलनिःसारण_अभियंता:
सर्व सुविधांना एकच उत्तर लावू नका. पाणी दाबाने वाहते, त्यामुळे जलवाहिनीला पुढे जोडवाहिनी (शेजारून दुसरी समांतर वाहिनी) टाकता येते किंवा पंप वाढवता येतात. मलवाहिनी मात्र उतारावर चालते. सर्वांत खालच्या मॅनहोलची पातळी एकदा चुकली की वरच्या प्रत्येक इमारतीला ती चूक भोगावी लागते. म्हणून पातळ्या, उतार आणि मुख्य वाहिनीचा मार्ग आजच अंतिम लोकसंख्येसाठी ठरवा.

व्यासाचे गणित मात्र उलटे आहे. वाहिनीत गाळ साचू नये म्हणून प्रवाहाला दिवसातून एकदा तरी सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेग मिळावा लागतो. वीस वर्षांनंतरच्या प्रवाहासाठी टाकलेल्या मोठ्या वाहिनीत सुरुवातीची काही वर्षे तळाशी पाण्याची बारीक धार वाहते, घनपदार्थ खाली बसतात, हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, त्यापासून आम्ल बनते आणि काँक्रीटचा वरचा भाग आतून झिजू लागतो. क्षमता शिल्लक असूनही वाहिनी खराब होते, ती अशी. त्यापेक्षा आज लहान वाहिनी टाकावी आणि तिच्या शेजारी, त्याच उतारावर, दुसऱ्या वाहिनीसाठी पट्टा मोकळा ठेवावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. शुद्धीकरण केंद्राचेही तसेच: जागा पूर्ण घ्यावी, यंत्रणा मात्र गरजेनुसार वाढवावी.

मिश्र वापराचा एक फायदा बहुतेक आराखड्यांत सुटतो. घरांची सर्वाधिक मागणी सकाळी आणि संध्याकाळी असते, कार्यालयांची दुपारी, उपाहारगृहांची रात्री. प्रत्येकाची कमाल मागणी वेगळी काढून त्यांची बेरीज केली, तर मुख्य वाहिनी विनाकारण मोठी होते. चोवीस तासांचा तक्ता मांडा आणि तासागणिक बेरीज करा. ही सवलत फक्त मुख्य वाहिनीला लागू आहे, कारण एकट्या कार्यालयाच्या शाखावाहिनीला घरांच्या वेळापत्रकाचा काहीच उपयोग नसतो.

वाहतूक_नियोजक:
वरील मताशी सहमत आहे. वाहतूक आणि शाळा यांत मात्र उशीर फार महाग पडतो. लंडनच्या डॉकलँड्समध्ये १९८७ साली छोट्या गाड्यांची हलकी रेल्वे सुरू झाली. पुढे तिथल्याच कॅनरी वॉर्फ भागात कार्यालयांचे मनोरे उभे राहिले, ती रेल्वे अपुरी पडली आणि मोठ्या क्षमतेची भुयारी रेल्वेची ज्युबिली मार्गिका तिथे पोहोचायला १९९९ उजाडले. स्टॉकहोमच्या हॅमरबी शोस्टाड या नव्या वसाहतीत ट्राम २००२ मध्ये आली, तेव्हा बांधकामाची बरीच वर्षे शिल्लक होती. पहिल्या रहिवाशाला पहिल्याच आठवड्यात सोयीची ट्राम मिळाली, तर तो स्वतःचे वाहन घेण्याचा विचार लांबणीवर टाकतो; एकदा वाहन दारात आले की ती सवय मोडणे अवघड जाते.

मेलबर्नच्या डॉकलँड्समध्ये लोक राहायला येऊन जवळपास दोन दशके झाल्यावर, २०२१ मध्ये, प्राथमिक शाळा सुरू झाली. कार्यालये आणि लहान सदनिका डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या क्षेत्रात मुले राहणारच नाहीत, असे गृहीत धरू नका.

नगररचना_विद्यार्थी:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. शाळा, वीज उपकेंद्र आणि वाहिन्यांचे पट्टे यांसाठी राखलेली जागा दहा-पंधरा वर्षे रिकामी राहिली, तर ती विकून टाकण्याचा दबाव येईल. ती कशी टिकवावी?

मलनिःसारण_अभियंता:
तिचा तात्पुरता वापर सुरू ठेवा: खेळाचे मैदान, रोपवाटिका किंवा वाहनतळ. मुदत करारात लिहा आणि पक्के बांधकाम मुळीच होऊ देऊ नका. वाहिन्यांच्या पट्ट्यावर मोठी झाडेही लावू नयेत, कारण पुढे ती तोडणे कोणालाच पटणार नाही, आणि ते योग्यच आहे. उपकेंद्राची जागा तळघरात ढकलण्याचा प्रस्ताव हमखास येईल. तो स्वीकारण्यापूर्वी पुराची पातळी पाहा आणि अवजड ट्रान्सफॉर्मर बदलायची वेळ आली तर वाहन आत कसे येणार, ते कागदावर काढून दाखवायला सांगा.

वाहतूक_नियोजक:
त्याला एक अट जोडा. प्रत्येक टप्प्यासाठी लागणारी पाण्याची, मलनिःसारणाची आणि वाहतुकीची क्षमता आकड्यांत लिहा. ती प्रत्यक्ष चालू झाल्याशिवाय त्या टप्प्यातील इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र (वापर सुरू करण्याची परवानगी) मिळणार नाही, असे मंजुरीच्या पहिल्याच आदेशात नमूद करा. नंतर घातलेली अट विकासकाला अन्यायाची वाटते. सुरुवातीलाच लिहिलेली अट तो आपल्या हिशेबात धरतो.