जॅकेट सैल नकोच
‘आत स्वेटर मावेल असं एक साइज मोठंच घ्या’ असं जॅकेट घेताना काही जण सुचवतात, ते वाऱ्यात सायकल चालवणाऱ्यासाठी मला अजिबात पटत नाही. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तुम्ही ताशी २० किमीने जाताय आणि समोरून तेवढाच वारा आला, तर हवेच्या तुलनेत तुमचा वेग दुप्पट होतो, म्हणजे अवरोध थेट चौपट. त्यात सैल कापड फडफडलं की दमछाक आणखी.

आणि माप आरशासमोर ताठ उभं राहून ठरवू नका. हँडल धरल्यासारखे हात पुढे करून वाका. बाह्या मनगटावरून वर सरकल्या किंवा मागे कंबर उघडी पडली, तर ते जॅकेट घेऊ नका. उभं असताना पुढून जरा तोकडं वाटलं तरी चालतं. पाठीला जाळीचं कापड असेल तर उत्तमच, घाम आत साचत नाही.