वॉरंटी संपलेली लक्झरी क्रॉसओव्हर घ्यावी का? वापरणाऱ्यांनी खरं काय ते सांगा

मधली_लेन

नमस्कार मंडळी. सेडान काढून लक्झरी क्रॉसओव्हर (कारच्याच पायावरची उंच गाडी) घ्यायचं चाललंय, नवी नाही, साधारण पाच वर्षं वापरलेली. कारण सरळ आहे, वडिलांचे गुडघे. सेडानमध्ये ते बसत नाहीत, अंग सोडून देतात, आणि उतरताना कुणीतरी हात धरून ओढून काढावं लागतं. लॅडर फ्रेमवाल्या (ट्रकसारखी वेगळी चासी असलेल्या) मोठ्या एसयूव्हीत उलटा त्रास, चढायलाच पायरी शोधावी लागते. क्रॉसओव्हरची सीट मात्र बरोबर उंचीला येते, नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. ट्रायलला वडील कुणाचा हात न धरता स्वतःहून बसले, तिथंच माझं ठरलं की घ्यायची तर हीच टाइप.

आता दोन गाड्यांमध्ये अडकलोय. एक जर्मन, सहा सिलिंडर पेट्रोल, स्प्रिंगऐवजी हवेवरचं एअर सस्पेन्शन, २१ इंची चाकं, अख्खं छत काचेचं. दुसरी जपानी हायब्रिड, साधे स्प्रिंग, १८ इंची चाकं. जर्मन चालवताना खरंच वेगळं वाटतं, खड्डा दिसतो पण अंगाला लागत नाही. पण दोन्हींची वॉरंटी संपलीय, आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो, एक म्हणतो एअर सस्पेन्शनच्या वाटेला जाऊच नका, दुसरा म्हणतो हायब्रिडची बॅटरी गेली की गाडी गेलीच समजा. ज्यांनी वॉरंटीनंतर स्वतः सांभाळलीय त्यांचा अनुभव हवाय. कधीमधी कच्च्या रस्त्यानं जाणं होतं, तेवढं झेपतं ना तेही सांगा.

सायलेंट_केबिन

माझ्याकडे एअर सस्पेन्शनवालीच आहे आणि वॉरंटी संपून बराच काळ झाला, म्हणून आधी चांगलं सांगतो कारण ते कुणी नीट सांगत नाही. दिवसभर चालवून उतरलं तरी पाठ जिवंत असते. बाजूच्या काचा दोन थरांच्या असल्यामुळे शेजारून ट्रक गेला तरी मागच्या सीटवरचं बोलणं पुढे ऐकू येतं. आणि तुमच्या वडिलांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे बऱ्याच एअरवाल्या गाड्या बटण दाबल्यावर, काही तर थांबल्यावर आपोआप, खाली बसतात. माझ्या आईला त्याचा इतका उपयोग होतो की या एका गोष्टीसाठी मी बाकी खर्च सोसतो.

आता दुसरी बाजू. एका सकाळी बाहेर आलो तर पुढचं डावं चाक जवळजवळ कमानीत शिरलेलं, गाडी त्या कोपऱ्यावर वाकलेली. चालू केली, मिनिटभर घरघर झाली आणि सरळ उभी राहिली, डॅशवर दिवा नाही काही नाही. इथंच बरेच जण म्हणतात की उठतेय ना, मग चालू द्या, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं. कारण आत स्प्रिंगच्या जागी रबरी पिशवी असते, तिच्या घडीवर वयानं बारीक भेगा पडतात आणि रात्रभर हवा हळूहळू निसटते. मग कॉम्प्रेसर, जो खरं तर अधूनमधून थोडा वेळ चालायला बनवलाय, तो सारखा चालत राहतो, तापतो आणि जळतो. म्हणजे एका पिशवीवर भागलं असतं तिथं कॉम्प्रेसरही बदलावा लागतो. मी लगेच दाखवली म्हणून कॉम्प्रेसर वाचला.

तुम्ही बघायला जाल तेव्हा मालकाला विचारून गाडी सपाट जागेवर रात्रभर ठेवायला सांगा, संध्याकाळी चारी चाकांच्या कमानीपासून जमिनीपर्यंत टेपनं माप घ्या आणि सकाळी गाडी चालू करायच्या आधी परत घ्या. सगळे कोपरे सारखे थोडे खाली आले असतील तर त्यात फार काही नाही, एकच कोपरा बसला असेल तर गळती आहे असं धरा. आणि किलोमीटर कमी आहेत म्हणून भुलू नका, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

टॉर्क_पाना

वरचा प्रतिसाद एकदम बरोबर, टेपनं मापायची गोष्ट तर लिहूनच ठेवा. मी याच गाड्यांवर काम करतो, माझं मत थोडं वेगळ्या दिशेनं आहे. जर्मन की जपानी हा वाद नंतर, आधी मालक कसा होता ते बघा आणि ते सगळ्यात लवकर टायर सांगतात.

टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३२२१ असेल तर २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. चारी टायरवर बघा. पुढे एक ब्रँड, मागे दुसरा, एक नवा आणि तीन झिजलेले असं असेल तर त्या माणसानं बाकी गाडीवरही हात आखडताच ठेवलेला असतो. आणि चारी चाकांना ताकद देणाऱ्या ऑल व्हील ड्राइव्हमध्ये हा नुसता स्वभावाचा प्रश्न राहत नाही. झिजलेल्या टायरचा घेर कमी असतो, ते चाक तेवढ्याच अंतरात जास्त फिरतं, त्यामुळे ट्रान्सफर केसमधला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागातला, क्लच सरळ रस्त्यावरही सतत घसरत राहतो आणि आतून झिजतो. चारी टायरमधला फरक साधारण दोन मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नये असं मी सांगतो, काही कंपन्या त्याहून कमी सांगतात. हळू चालवत स्टीअरिंग पूर्ण वळवून गोल मारा, गाडी अडखळत, उड्या मारल्यासारखी फिरली तर तिथूनच परत फिरा.

रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर असतील तर बहुधा स्टेपनी नसणार. पंक्चर झाल्यावर साधारण ८० च्या वेगानं ८० किलोमीटरपर्यंत जाता येतं, पण त्याची बाजू जाड आणि कडक असते, २१ इंची चाकावर तर रबरच एवढंसं उरतं, त्यामुळे खड्ड्यात रिमला तडा जायची भीती राहते. रिम आतल्या बाजूनं बघा, बाहेरून चकाचक असतं.

गिअरबॉक्सचं ऑइल विचारा. बऱ्याच जर्मन गाड्यांत झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स असतो आणि गाडी विकणारे म्हणतात याचं ऑइल आयुष्यभराचं, बदलायचंच नाही. पण बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते. मी बनवणाऱ्याचं ऐकतो. बदललेलं असेल तर बिल मागा, त्यात बहुतेक वेळा प्लास्टिकचा अख्खा ऑइल पॅन लिहिलेला दिसेल कारण फिल्टर त्यातच असतो.

आणि काचेचं छत. त्याच्या कोपऱ्यांत पाणी जायला बारीक नळ्या असतात, पानं-धूळ अडकली की पाणी आतल्या बाजूनं उतरतं आणि गालिच्याखाली साठतं, जिथं वायरिंगचे कनेक्टर आणि कधी कधी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलही असतात. मग सीट हलत नाही, सेन्सर बोंबलतात, दर वेळी नवीन एरर, आणि लोक एकेक पार्ट बदलत बसतात. पायाखालचं मॅट उचला आणि गालिचा मुठीनं दाबा. ओल किंवा कुबट वास असेल तर नको म्हणा. नंतर छत उघडून कोपऱ्यात कपभर पाणी हळू ओता, गाडीच्या खाली चाकाजवळ टपकायला पाहिजे.

मधली_लेन

खूप खूप आभार दोघांचे, एवढं नेमकं कुणीच सांगितलं नव्हतं. काल जर्मन परत बघून आलो. गालिचा कोरडा, छताचं पाणीही बरोबर खाली टपकलं. पण टायर पुढे एका कंपनीचे, मागे दुसऱ्या, आणि मागचे दोन पुढच्यांपेक्षा बरेच जुने. गिअरबॉक्सच्या ऑइलचं विचारलं तर सगळी सर्व्हिस झालीय एवढंच, कुठे झाली, कधी झाली, ताकास तूर लागू देत नाही. हायब्रिडवाल्यानं मात्र पहिल्या दिवसापासूनची फाइल समोर ठेवली. तर आता हायब्रिडवाल्यांनी जरा बोला, बॅटरीचं काय?

निवांत_चालक

मी बोलते, माझ्याकडे हायब्रिडच आहे आणि तीही अशीच वापरलेली घेतली होती.

बॅटरी गेली की गाडी गेली हे लोक फार सहज बोलतात. बॅटरी म्हातारी होते हे खरं, पण गाडी तिला कधी पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही, मधल्या पट्ट्यातच ठेवते, म्हणून ती टिकते. तिला खरा त्रास उष्णतेचा. मागच्या सीटजवळ किंवा सीटखाली एक जाळी असते, तिथून पंखा केबिनमधली गार हवा बॅटरीकडे ओढतो. घरात कुत्रा-मांजर असेल, किंवा तिथं पिशव्या, चादरी कोंबून ठेवायची सवय असेल तर जाळी केसांनी नि धुळीनं बुजते आणि बॅटरी तापत राहते. बघायला जाल तेव्हा गुडघ्यावर बसून ती जाळी आधी बघा. माझ्या गाडीची मी काढून झटकते, दोन मिनिटांचं काम आहे. मोठ्या बॅटरीची तब्येत गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर प्रत्येक ब्लॉकच्या (आतल्या सेलच्या गटाच्या) व्होल्टेजवरून कळते, एखादा ब्लॉक लोडखाली बाकीच्यांपेक्षा पटकन खाली येत असेल तर प्रश्न आहे. आणि साधी बारा व्होल्टची बॅटरी विसरू नका, ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, लोक उगाच घाबरतात.

टोयोटा-लेक्सस पद्धतीच्या हायब्रिडमध्ये ई-सीव्हीटी म्हणतात ते नाव ऐकून बेल्ट असेल असं वाटतं, तर बेल्ट नाहीच, गिअरचा एक संच आणि दोन मोटर, बस. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, म्हणजे बिघडायला तेवढ्या गोष्टी कमी. हे तंत्र नवखंही नाही, लेक्सस आरएक्स १९९८ साली कॅमरीच्या पायावर आली आणि २००५ साली तिची हायब्रिड, आरएक्स ४०० एच निघाली. ब्रेकचं अर्धंअधिक काम मोटर करते त्यामुळे पॅड खूप टिकतात.

काय आवडत नाही तेही सांगते. चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन एका सुरात ओरडत राहतं, तुम्ही सहा सिलिंडर चालवून आलाय तर तुम्हाला ते नक्की टोचेल. गर्दीत जी बचत होते ती हायवेला तेवढी होत नाही. आणि कच्च्या रस्त्याचं म्हणाल तर अशा बऱ्याच हायब्रिडमध्ये मागच्या चाकांना इंजिनाकडून शाफ्टच येत नाही, मागे वेगळी छोटी मोटर असते. ओल्या रस्त्यावर, थोड्या चिखलात काम भागतं, पण रुतलेली मोठी गाडी ओढून काढायचा जोर तिच्यात नाही. शांतता मात्र अप्रतिम, पहाटे निघताना घरातल्यांची झोप मोडत नाही.

हवेवर_स्वार

सगळे हायब्रिडकडे ढकलतायत म्हणून जर्मनच्या बाजूनं लिहितो. ड्रायव्हिंगचा आनंद ही पण खरी गरज आहे, रोज दोन तास गाडीत काढणाऱ्याला जास्तच. ही एक सोडा पण कागदपत्रं पूर्ण असलेली दुसरी शोधा, एअर सस्पेन्शनही टाळायचं असेल तर तेच मॉडेल बऱ्याचदा स्टीलच्या स्प्रिंगवर पण येतं, आणि त्याचं स्टीअरिंग, इंजिन तेच. एअरवालीला नंतर साधे स्प्रिंग बसवायचे किट मिळतात असंही ऐकलं असेल, त्याबद्दल टॉर्क_पाना यांनी सांगावं.

टॉर्क_पाना

किट मिळतात, बसतातही. पण ज्यासाठी एअरवाली घेतली ते सगळंच जातं, खाली बसणं जातं, मऊपणा जातो, आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये कोडिंग नीट केलं नाही तर सस्पेन्शनची वॉर्निंग कायमची डोळ्यासमोर. मूळ पिशव्या फार महाग वाटल्या तर नामांकित पार्ट बनवणाऱ्यांच्या पिशव्या घ्या, माझ्या हातून बसवलेल्या व्यवस्थित चालतायत. स्टीलच्या स्प्रिंगवालीच शोधा हा वरचा सल्ला मला जास्त पटतो.

मधली_लेन, तुमच्या वर्णनावरून मी ती जर्मन घेणार नाही. गाडीत दोष आहे असं नाही, पण पुढचं-मागचं टायर एवढ्या फरकानं किती काळ चाललंय ते कुणालाच माहीत नाही आणि ट्रान्सफर केस बोलून दाखवत नाही.

मधली_लेन

पटलं. हायब्रिडवाल्याला फोन केला, शनिवारी सकाळी बोलावलंय. स्वतः स्कॅनर लावू द्यायला तयार आहे. त्यात नुसते एरर बघायचे की अजून काही? आणि वडिलांना परत घेऊन जाऊ का?

टॉर्क_पाना

वडिलांना नक्की न्या, मागच्या सीटवरही बसवून बघा, पुढे सोपं आणि मागे दार अरुंद असं बऱ्याच क्रॉसओव्हरमध्ये असतं, मागच्या चाकाची कमान पायात येते.

स्कॅनरमध्ये एरर नाहीत एवढ्यावर खूश होऊ नका. रेडिनेस मॉनिटर नावाचं पान असतं, गाडीनं स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणारं, ते उघडा. तिथं बरेचसे टेस्ट अपूर्ण दिसत असतील तर बहुधा नुकतेच कुणीतरी एरर कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. तसं असेल तर मालकाला सरळ विचारा, बारा व्होल्टची नवीन टाकली असेल तर बिल दाखवेल. मग थोडे दिवस चालवू द्या आणि परत लावा. समोरची काच बदललेली आहे का तेही विचारा, आरशामागचा कॅमेरा काच बदलल्यावर परत कॅलिब्रेट करावा, म्हणजे नेमका जुळवून घ्यावा लागतो, तो केला नसेल तर लेन असिस्ट आणि आपोआप ब्रेक लागणं यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि शनिवारी तुम्ही पोचायच्या आधी गाडी चालू करून ठेवू नका असं त्याला आत्ताच फोनवर सांगा, गार इंजिनचा आवाज तुम्हीच पहिला ऐकायला हवा.