गोलकीपरचं वय आणि आमचं मैदान
फुटबॉलमध्ये ज्याला पळता येत नाही त्याला गोलात उभं करतात आणि गोलकीपरचं करिअर तिशीत संपतं, असं म्हणतात. त्यातलं पहिलं आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या खेड्यांत आजही खरं आहे. पण १९९२ पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास कीपरला हातात घेता येत नाही, तेव्हापासून त्याचे पायही तयारच लागतात.

तिशीत करिअर संपतं, हे मात्र पटत नाही. इटलीचा गोलकीपर दिनो झोफने १९८२ चा वर्ल्ड कप चाळिशीत, कर्णधार म्हणून जिंकला. इजिप्तच्या एसाम अल-हदारीने २०१८ मध्ये ४५ व्या वर्षी वर्ल्ड कपमध्ये पेनल्टी अडवली! आमच्याकडे घात करतं ते वय नाही, मैदान: आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगड होते; तिच्यावर झेपा घेऊन माझा खांदा विशीतच गेला. पोरांना आधी पडायचं कसं ते शिकवा, नांगरलेल्या वावरात का होईना.