आयर्लंडच्या बॉर्डरवर नाका नको म्हणून ब्रिटन इतकी वर्षं का भांडलं? जाणकारांनी समजवा

मुलुंडची_मावशी

मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. माझा भाचा नोकरीसाठी बेलफास्टला गेलाय, परवा व्हिडिओ कॉलवर त्याने फ्रिजमधलं चीजचं पाकीट दाखवलं तर त्यावर छापलेलं की हे युरोपियन युनियनसाठी नाही. मी म्हटलं अरे तू ब्रिटनमध्ये राहतोस ना, ब्रिटन तर ३१ जानेवारी २०२० लाच युनियनमधून बाहेर पडलं, मग हे वेगळं छापायचं कारण काय, तर म्हणाला मावशी ते बॉर्डरचं प्रकरण आहे, मला पण नीट कळत नाही.

मग मी वाचायला बसले आणि जास्तच गोंधळले. एवढं कळलं की आयर्लंड बेट एक पण देश दोन, उत्तरेचा तुकडा ब्रिटनचा आणि दक्षिणेचा आयर्लंड स्वतंत्र देश, तो अजून युनियनमध्ये आहे. म्हणजे दोघांमधली रेघ आता युनियनची हद्द झाली. मग हद्दीवर नाका असणारच ना? आपल्याकडे वाघा बॉर्डरला नाही का. तो नाका नको म्हणून पंतप्रधान गेले, सरकारं पडली, आणि शेवटी म्हणे तपासणी समुद्रावर नेली, म्हणजे ब्रिटनच्याच एका भागातून दुसऱ्या भागात माल जाताना तपासणी. हे तर मला अजिबात पटलं नाही.

माझं माहेर मुलुंडचं, चेकनाक्यापासून चालत पंधरा मिनिटांवर. लहानपणापासून जकातीसाठी उभ्या ट्रकांच्या रांगा बघितल्यात, रात्रभर हॉर्न चालायचे. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला, जकात गेली आणि तो नाका आठवड्याभरात ओसाड झाला. म्हणजे मनात आणलं तर नाका जातो. मग तिकडे का जमेना?

बंदरवाले_काका

मावशी, तुमचं मुलुंडचं उदाहरण अगदी नेमकं आहे, फक्त उलटं वाचा. मी २२ वर्षं न्हावाशेवाला कस्टम क्लिअरिंगमध्ये काम केलं, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे, जरा सविस्तर लिहितो.

नाक्यावर शेवटी दोनच गोष्टी विचारतात. या मालावर ड्युटी भरली का, आणि हा माल आमच्या नियमात बसतो का. मुलुंडचा नाका गेला कारण ठाण्याला काय आणि मुंबईला काय, कर एकच झाला, विचारायला काही उरलं नाही. आता दुसरं टोक बघा, दारू जीएसटीत नाही म्हणून बांद्याजवळ इन्सुलीला एक्साइजचा नाका अजून आहे आणि गोव्याहून येणारी गाडी तिथे अजून थांबवतात. देश एक, जीएसटी एक, फक्त एका वस्तूचा कर वेगळा आणि तेवढ्यासाठी माणसं रात्रंदिवस रस्त्यावर उभी.

ब्रिटनने काय केलं, दोन्ही गोष्टी एकदम सोडल्या. कस्टम युनियन सोडलं म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरची ड्युटी वेगळी, आणि सिंगल मार्केट सोडलं म्हणजे मालाचे नियम वेगळे, अमुक औषध फवारलेलं फळ चालेल का, मांस कुठल्या कत्तलखान्यातलं, हे सगळं. लोक या दोन गोष्टी एकच समजतात, तिथे गल्लत होते. नॉर्वे सिंगल मार्केटमध्ये आहे पण कस्टम युनियनमध्ये नाही, म्हणून स्वीडनच्या हद्दीवर स्विनेसुंडला ट्रकवाल्याला कागद दाखवावे लागतात. टर्की कस्टम युनियनमध्ये आहे पण सिंगल मार्केटमध्ये नाही, तर बल्गेरियाच्या हद्दीवर कापिकुलेला ट्रकांच्या लांबच लांब रांगा. म्हणजे अर्धंच काहीतरी घेतलं तरी नाका राहतोच, आणि ब्रिटनने तर दोन्हीतून अंग काढून घेतलं.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. भारत आणि ब्रिटनच्या करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, त्यात आपल्या कपड्यांवरची ड्युटी काढायचं ठरलं. आता तिरुपूरचा शर्ट बिनड्युटीचा लिव्हरपूलला उतरला, फेरीने बेलफास्टला गेला, तिथून ट्रकने तासाभरात दक्षिणेत, की पुढे फ्रान्स जर्मनी सगळं मोकळं रान. मधे कोणी विचारणारं नसेल तर युरोपने स्वतःच्या बंदरांवर ड्युटी लावून उपयोग काय, सगळा माल त्या चोरवाटेने जाईल. कोणी म्हणेल की ब्रिटन आणि युरोपमध्ये २४ डिसेंबर २०२० ला करार झाला, त्यात ड्युटी शून्य आहे. आहे, पण तिथे बनलेल्या मालालाच. आपला ब्राऊन बासमती ब्रिटनच्या गिरणीत सडून पांढरा झाला तरी तो ब्रिटिश होत नाही, आयर्लंडला पाठवताना तो भारतीयच. आणि माल कुठला हे सिद्ध करायला कागद आला, कागद आला की तो तपासणारा माणूस आला.

तेव्हा बरेच जण म्हणत होते कॅमेरे लावू, ऑनलाइन डिक्लरेशन घेऊ, नाका लागणारच नाही. माझ्या अनुभवाने सांगतो, कॉम्प्युटरने कागदाचा वेळ वाचतो, खूप वाचतो, पण ज्या गाडीवर संशय आहे ती कुठेतरी उघडून बघावीच लागते.

थोडक्यात तेव्हाच्या ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे बाईंनी तीन शब्द दिले होते. दोन्ही व्यवस्थांमधून बाहेर पडू, आयर्लंडच्या जमिनीवर नाका येऊ देणार नाही, आणि उत्तर आयर्लंड आणि ब्रिटनच्या मधेही नाका नाही. यातले कुठलेही दोन पाळता येतात. तिन्ही एकदम पाळता येत नाहीत, आणि हे मान्य करायला त्या लोकांनी तीन वर्षं घेतली.

लॅगनकाठचा

बंदरवाले काका +१, व्यापाराची बाजू मस्त सांगितलीत. मी बेलफास्टला नऊ वर्षं आहे, जमिनीवर नाका का नको ते इथे राहिल्याशिवाय पटकन कळत नाही म्हणून लिहितो.

मावशी, वाघा डोक्यातून काढा. ही बॉर्डर ५०० किलोमीटर आहे आणि तिच्यावरून दोनशेच्या वर रस्ते जातात, शेतातून, गल्लीतून, एकेका घराच्या अंगणाशेजारून. आयर्लंडचा एन-५४ रस्ता पुढे उत्तरेत ए-३ होतो, तो थोड्याशा अंतरात चार वेळा ही रेघ ओलांडतो आणि गाडी चालवणाऱ्याला समजतं ते एवढ्यावरून की वेगाची पाटी मैलातून किलोमीटरमध्ये जाते आणि कडेच्या पट्ट्याचा रंग बदलतो. उत्तरेतलं साधारण एक तृतीयांश दूध प्रक्रियेला दक्षिणेत जातं. गिनेस डब्लिनला बनते, डब्यात भरायला बेलफास्टला येते आणि परत दक्षिणेत विकायला जाते.

पण हे झालं व्यापाराचं. खरं कारण उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये राहावं की आयर्लंडला जोडावं यावरून इथे झालेल्या तीस वर्षांच्या हिंसाचारात आहे, साडेतीन हजारांवर माणसं गेली त्यात. तेव्हा याच बॉर्डरवर लष्कराचे टेहळणी मनोरे होते, छोटे रस्ते खड्डे पाडून, काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद केलेले, शेजारच्या गावातल्या मामाकडे जायला वीस मैलांचा वळसा. कस्टमच्या चौक्या १९९३ ला सिंगल मार्केट आल्यावर गेल्या आणि लष्कराच्या चौक्या १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर हळूहळू गेल्या. माझ्या ऑफिसातले पन्नाशीचे सहकारी दक्षिणेत जाताना अजूनही एका ठराविक वळणावर गप्प होतात, मी एकदा विचारलं तर म्हणाले इथे थांबवायचे, डिकी उघडायला लावायचे, मी मागच्या सीटवर असायचो आणि वडिलांचे हात थरथरायचे. मग पुढे कोणी काही बोललं नाही. अशा ठिकाणी परत खांब रोवला, मग तो भले कागद तपासायचा असो, तर लोकांना तेच आठवणार.

मालवणचो_झील

यात आपल्याकडचा एक दुवा आहे तो सांगतो. त्या वाटाघाटींच्या वेळी आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर, त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईचे आणि मूळ गाव आमच्या मालवण तालुक्यातलं वराड. डिसेंबर २०१९ मध्ये ते कुटुंबाला घेऊन गावी येऊन गेले, सगळा गाव लोटला होता.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रसेल्सला युरोपच्या नेत्यांचं जेवण होतं, तिथे वराडकरांनी एक जुनं वर्तमानपत्र सोबत नेलं होतं. त्यात १९७२ ची बातमी होती, न्यूरीच्या कस्टम नाक्यावर बॉम्ब फुटून नऊ माणसं मेली त्याची. पानंच्या पानं अहवाल वाचून जे कळत नव्हतं ते त्या एका पानाने कळलं असणार. मला ही गोष्ट फार लागते, कारण नाक्यावरचा कारकून हा कुठल्याच बाजूचा नसतो, तो फक्त ड्युटीवर असतो.

सातारकर_स्पष्ट

सगळ्यांचं वाचलं, पण एकच बाजू मांडली जातेय म्हणून लिहितो. मी ब्रेक्झिटचा समर्थक वगैरे नाही, पण दुसऱ्या बाजूची तक्रारही खरी आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये जी मंडळी स्वतःला पूर्ण ब्रिटिश मानतात, युनियनिस्ट, त्यांना १९९८ च्या करारात शब्द दिला होता की बहुमताच्या संमतीशिवाय तुमचा दर्जा बदलणार नाही. मग जमिनीवरचा नाका टाळायला समुद्रावर तपासणी आणली तर त्यांच्यासाठी ती स्वतःच्या देशात ओढलेली रेघच झाली ना? १८०० च्या कायद्यात व्यापारात समान वागणुकीचं कलम होतं, ते घेऊन ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि २०२३ मध्ये हरले. कोर्ट म्हणालं प्रोटोकॉल, म्हणजे समुद्रावरच्या तपासणीची ती व्यवस्था, कायदेशीर आहे. कायदेशीर असेल हो, पण माणसाला ते घरात आल्यावर कसं वाटतं?

मला सगळ्यात जास्त भिडलं ते बटाट्याचं. आमच्याकडे खटाव भागात बटाट्याचं बियाणं पंजाबातून येतं, वर्षानुवर्षं तेच. तसं तिकडच्या शेतकऱ्याचं बियाणं स्कॉटलंडहून यायचं, मधे फक्त थोडासा समुद्र, आणि २०२१ मध्ये एका दिवसात बंद, कारण युरोपचा रोपांचा आणि मातीचा नियम. उद्या जालंधरची गाडी कोणी अडवली आणि म्हणालं ही माती चालणार नाही तर आमचा शेतकरी गप्प बसेल का? त्याने कोणाचं काय वाईट केलं होतं?

आणि त्यांना फसवलंच हो. पुढे पंतप्रधान झालेले बोरिस जॉन्सन नोव्हेंबर २०१८ मध्ये युनियनिस्टांच्याच पक्षाच्या, डीयूपीच्या, अधिवेशनात जाऊन सांगून आले की ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडच्या मधे तपासणी कुठलंही कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार मान्य करणार नाही, करू नये. आणि वर्षभरात, ऑक्टोबर २०१९ मध्ये, स्वतःच ते मान्य केलं. मे बाईंचा बॅकस्टॉप, म्हणजे दुसरा तोडगा निघेपर्यंतची सोय, निदान सगळ्या ब्रिटनला कस्टमच्या एकाच छत्राखाली ठेवणारा होता, तो ज्यात होता तो करार १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पाडला, पाडणाऱ्यांत डीयूपीचे दहा खासदारही होते. तिथे मात्र त्यांचंच चुकलं असं मला वाटतं, त्यांच्या दृष्टीने त्यातल्या त्यात बरा पर्याय तोच होता.

बंदरवाले_काका

सातारकर, बियाण्याचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. मी फक्त एवढंच म्हणेन की कस्टम युनियन सोडण्यामागे ब्रिटनचंही कारण होतं, ते आत राहिले असते तर भारताशी स्वतंत्र करार करताच आला नसता, ड्युटी ब्रसेल्सने ठरवली असती. आपल्या निर्यातदारांना ज्या गोष्टीचा फायदा होणार आहे त्याचीच किंमत तो शेतकरी मोजत होता, हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा वाईट वाटलं होतं.

लॅगनकाठचा

सातारकर बरोबर बोलतायत, मी वर फक्त अर्धं लिहिलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये लार्न बंदरात भिंतींवर धमक्या लिहिल्या गेल्या म्हणून तपासणीवरच्या कर्मचाऱ्यांना काही दिवस मागे घ्यावं लागलं होतं. एप्रिलमध्ये इथे दंगली झाल्या, बस जाळली, रस्त्यावर चौदा पंधरा वर्षांची पोरं होती. मी त्या आठवड्यात संध्याकाळी घराबाहेर पडलो नाही. पुढे ३ फेब्रुवारी २०२२ ला डीयूपीच्या फर्स्ट मिनिस्टरनी, म्हणजे इथल्या मुख्यमंत्र्यांनी, राजीनामा दिला आणि दोन वर्षं इथे सरकारच नव्हतं. हॉस्पिटलच्या वेटिंग लिस्ट वाढत होत्या आणि निर्णय घ्यायला मंत्री नाही.

आता मावशींच्या चीजचं. २७ फेब्रुवारी २०२३ ला तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक आणि युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी विंडसर फ्रेमवर्क नावाचा नवा करार केला, त्यात मालाच्या दोन वाटा केल्या. जो माल उत्तर आयर्लंडमध्येच विकून संपणार तो ग्रीन लेनने, कमी कागदांत. जो पुढे दक्षिणेत जाऊ शकतो तो रेड लेनने, पूर्ण तपासणी. ग्रीन लेनने आलेलं खाणं चोरून पुढे जाऊ नये म्हणून पाकिटावर ते वाक्य छापतात. बियाण्याचे बटाटे पण त्यात सुटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकार परत बसलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या विधानसभेत या व्यवस्थेवर मतदान झालं, ४८ विरुद्ध ३६ ने ती चालू राहिली. पण त्या ३६ मध्ये युनियनिस्टच आहेत, म्हणजे जखम भरली असं मी म्हणणार नाही. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि युरोपने खाद्यपदार्थ आणि रोपांचे नियम जुळवून घ्यायचं तत्त्वतः ठरवलंय, ते प्रत्यक्षात आलं तर कागद बरेच कमी होतील.

आणि मावशी, भाच्याचा पासपोर्ट भारतीय आणि ब्रिटनचा वर्क व्हिसा असेल ना? मग एक महत्त्वाचं. बॉर्डरवर कोणी उभं नसतं हे खरं, पण ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना मिळणारी मोकळीक आपल्याला नाही. दक्षिणेत जायला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. डब्लिनच्या बसमध्ये आयर्लंडचे पोलीस अधूनमधून चढतात आणि कागद विचारतात, माझ्या ओळखीतल्या एका मुलाला असंच उतरवून घेतलं होतं, फार मनस्ताप झाला त्याला.

मुलुंडची_मावशी

बापरे, बरं झालं सांगितलंत. तो पुढच्या शनिवारी मित्रांबरोबर बसने डब्लिनला जाणार म्हणत होता, तिकीटं पण काढलीत, म्हणाला मावशी मधे काही नाकाबिका नाहीये. आत्ताच फोन लावते, तिकडे दुपार असेल. सातारकर, तुमच्या बटाट्याचं त्याला पण सांगणार आहे.