भाच्याला ट्रक मेकॅनिक व्हायचंय: आयटीआय करावं की थेट गॅरेज?

कराडचा_मामा
भाचा यंदा दहावी झाला, ६१ टक्के पडले. त्याला ट्रक-ट्रेलरच्याच कामात जायचंय, कार-बाइक नको म्हणतो. ताईचं म्हणणं, आयटीआयमध्ये वेळ घालवण्यापेक्षा हायवेवरच्या ओळखीच्या गॅरेजला लावू, हात लवकर बसेल. आयटीआय करायचंच तर मेकॅनिक डिझेल एका वर्षाचा आहे आणि मोटर व्हेइकल दोन वर्षांचा. यातला कुठला घ्यावा? माहितगारांनी सांगा.

शिरोलीचा_फिटर
मामा, आयटीआयलाच घाला आणि दोन वर्षांचा मोटर व्हेइकल घ्या. मी स्वतः पाने पुसण्यापासून गॅरेजमध्येच शिकलो, तरी हेच सांगतो. डिझेल ट्रेडचा भर इंजिनवर असतो. ट्रकला मात्र इंजिनइतकंच काम ब्रेक, गिअरबॉक्स, हाऊसिंग (मागच्या धुऱ्याचा गिअर असलेला भाग) आणि वायरिंगचं निघतं.

एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम आले आणि आमचं काम पार बदललं. जुन्या पंपाच्या इंजिनला मिसिंग असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर आम्ही इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा पाइप सैल करायचो. ज्या पाइपला आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मार खातोय हे कळायचं. आताच्या कॉमन रेल इंजिनात सगळ्या नोझलना एकाच नळीतून डिझेल जातं आणि तिथे प्रेशर १६०० बारच्याही वर जातं. तिथे हा प्रकार केला तर डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते, बोट कापायची पाळी येऊ शकते. गॅरेजमधला जुना उस्ताद हाताने सोनं करेल, पण पोराला जुनीच सवय लावली तर ती जिवावर बेतेल. आता स्कॅनरवरून, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावरून, एकेक सिलिंडर बंद करून बघायचं असतं.

आणि पोराला मीटर धरायला शिकवा. स्कॅनरने सेन्सर दाखवला की सेन्सर बदल, ही मेकॅनिकी नव्हे. बॅटरी काढून कॅनच्या (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या) दोन वायरींत ओहम बघायचे. साधारण ६० आले तर लाइन ठीक. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर नाहीतर वायर तुटलेली. पाच मिनिटांची तपासणी, आणि मालकाचा महागडा सेन्सर वाचतो. असा पोरगा मला उद्या मिळाला तर उद्याच ठेवून घेईन.

एसटी_रिटायर
फिटरभाऊंशी सहमत. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप सोडू नका. एसटी महामंडळ डेपोत आणि विभागीय कार्यशाळेत शिकाऊ उमेदवार घेतं, जाहिरातीवर लक्ष ठेवा. मी दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होतो. तिथे गाडी पूर्ण उघडलेली बघायला मिळते, खासगी गॅरेजला ते क्वचितच घडतं.

एक गोष्ट पोराच्या कानावर आत्ताच घाला. मागच्या चाकांच्या ब्रेक बूस्टरमध्ये (हवेवर चालणाऱ्या ब्रेकच्या डब्यात) पार्किंग ब्रेकची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तिचा बोल्ट लावून ती आधी कैद केल्याशिवाय डब्याचं झाकण धरणाऱ्या क्लॅम्पला हात लावायचा नाही. टाकीतली हवा सोडली म्हणजे धोका गेला असं नवशिक्यांना वाटतं. उलट हवा गेली की तीच स्प्रिंग ब्रेक धरते, म्हणजे जोर तिथेच असतो. क्लॅम्प सुटला तर झाकण गोळीसारखं उडतं.

कराडचा_मामा
दोघांचेही आभार. मोटर व्हेइकलचाच फॉर्म भरतो. प्रवेश होईपर्यंत त्या गॅरेजला बसवू का?

शिरोलीचा_फिटर
बसवा, पण नुसतं बघायला. अजून अठराचा नाही, गाडीखाली घालू देऊ नका. पान्यांचे नंबर, बोल्टचे साइज, २४ व्होल्टची वायरिंग, युरियाची (धूर साफ करायला लागणाऱ्या द्रवाची) टाकी कुठे आणि डिझेलची कुठे एवढं डोळ्याखालून गेलं तरी पुष्कळ. दोन्ही टाक्यांची झाकणं शेजारी असतात आणि युरियात डिझेल पडलं की ट्रकमालकाला सगळ्या सिस्टीमची भरपाई द्यावी लागते. आणि गॅरेजमालकाला आधीच विचारा, स्कॅनर आहे का. नसेल तर दुसरं गॅरेज बघा, शिरोलीला आलात तर माझ्याकडे पाठवा.